पहिल्या जुलैला उचललेलं टेबल

मॉन्ट्रियलमध्ये पहिली जुलै ही बिऱ्हाडं हलवायची तारीख. भाड्याचे करार त्याच दिवशी संपतात नि त्याच दिवशी सुरू होतात, त्यामुळे निम्मं शहर पाठीवर फ्रिज घेऊन उरलेल्या निम्म्या शहराच्या घरात शिरत असतं. घराबाहेरच्या वळणदार लोखंडी जिन्यांवरून गाद्या उतरतात, कपाटं उतरतात, कुंड्या उतरतात, एखादी रुसलेली मांजर उतरते. मदतीला आलेले मित्र पिझ्झा आणि बीअरवर दिवसभर राबतात. आणि नव्या घरात जे मावणार नसतं, ते पदपथावर सोडून माणसं मागे वळून न बघता निघून जातात.

ओदिल वर्षभर या दिवसाची वाट बघायची.

ती 'शालूप' हॉस्टेल सांभाळायची. बटणांच्या जुन्या कारखान्यात थाटलेलं, चाळीस पलंगांचं, पाठीवर पिशवी टाकून देश हिंडणाऱ्यांचं. दर असा की विद्यार्थ्यालाही परवडावा, आणि रुबाब असा की आत आलेला माणूस एकदा दाराबाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून यायचा. त्या रुबाबात एकही वस्तू नवी नव्हती. जिन्यातला दिवा एका दाताच्या डॉक्टरचा, बाकं बंद पडलेल्या चर्चची, आरसा कुठल्याशा न्हाव्याचा. सगळं पहिल्या जुलैचं पीक. ओदिल अठ्ठावन्न वर्षांची, ठेंगणी, खांद्याने रुंद बाई. टाकलेल्या वस्तूकडे ती सुईण नुकत्या जन्मलेल्या पोराकडे बघते तशी बघायची: घाई नाही, पण हात तयार.

त्या वर्षी तिला एकच गोष्ट हवी होती. टेबल. लांब.

कारण तळमजल्यावरची बैठकीची खोली धोक्यात होती. हॉस्टेलचा म्हातारा मालक वारला आणि त्याचा भाचा मॅक्सांस मालक झाला. वय चौतीस, स्वभावाने वाईट नाही, पण कुठल्याही रिकाम्या जागेकडे बघितलं की त्याला तिथे पलंग दिसायचे. जूनमध्ये तो येऊन गेला. बैठकीच्या खोलीत तेव्हा पाच माणसं होती, पाच खुर्च्यांत, एकमेकांकडे पाठ करून, ज्याची त्याची मान ज्याच्या त्याच्या फोनमध्ये.

"ओदिल, ही माणसं हेच पलंगावर पडून नाही का करू शकत?" तो म्हणाला. "इथे बारा पलंग बसतात. मी मोजलंय."

"बसतील. मग जेवतील कुठे?"

"आत्ता कोण जेवतंय इथे?"

"पंधरा जुलैला येतो," जाताना तो म्हणाला. "तोवर खोली चालताना दिसली तर ठेवू. नाहीतर बारा पलंग."

ओदिलने या हॉस्टेलात अकरा वर्षं काढली होती. तिचं म्हणणं फार मोठं नव्हतं. दिवसभर एकट्याने शहर तुडवलेल्या माणसाने संध्याकाळी निदान एकदा तरी कुणाला तरी "जरा मीठ सरकवा" म्हणावं, एवढंच. पण त्यासाठी मीठ ठेवायला एक टेबल लागतं, आणि ते एकच लागतं. छोट्या छोट्या टेबलांवर प्रत्येकाचं मीठ वेगळं होतं.

तर पहिल्या जुलैला सकाळी ओदिल निघाली. सोबत रेआल आणि त्याची व्हॅन. रेआलने बेकरीचा पाव घरोघर पोचवण्यात उमर घालवली होती. आता पाव पोचवत नव्हता, पण व्हॅनला अजून खमिराचा वास होता आणि शहरातल्या सगळ्या गल्ल्या त्याला तोंडपाठ होत्या.

दुपारपर्यंत काही मिळालं नाही. तुटकी कपाटं, डागाळलेल्या गाद्या.

"यंदा लोक गरीब झालेत," रेआल म्हणाला.

"किंवा शहाणे. चांगलं ते नेतायत बरोबर."

"माझ्या बायकोने मला नेलं होतं बरोबर. तीन घरं बदलली तिने, तिन्ही वेळा नेलं."

"गाडीत जागा उरली असेल."

तेवढ्यात त्याने ब्रेक दाबला. एका जिन्याच्या पायथ्याशी, पदपथाच्या मधोमध ते उभं होतं. तीन मीटरला थोडंसंच कमी. मॅपलचं लाकूड, मधाच्या रंगाचं, पाय जाडजूड, आणि लांब कडेला एक पितळी पट्टी ठोकलेली, तिच्यावर बारीक आकडे कोरलेले.

"अगं, हे टेबल आहे का होडीचा धक्का?" रेआल म्हणाला.

ओदिल उतरली. तिने लाकडावरून हात फिरवला. पण लगेच 'उचला' म्हणाली नाही, कारण या दिवसाचा एक कायदा आहे, कुठे लिहिलेला नसला तरी सगळ्यांना माहीत असलेला. रस्त्याच्या कडेला लावून ठेवलेलं, ते टाकलेलं. जिन्याला लगटून, अंगावर चादर घालून ठेवलेलं, ते ट्रकची वाट बघणारं. त्याला हात लावायचा नाही. हे टेबल ना धड कडेला होतं, ना धड जिन्याला. चादर मात्र नव्हती.

"बेल वाजव," ती म्हणाली.

रेआल तीन मजले चढला, बेल वाजवली, थांबला, पुन्हा वाजवली. दार उघडंच होतं, आत रिकाम्या भिंती. "घर धुतल्यासारखं रिकामं आहे," तो वरून ओरडला. "टाकलंय. उचल!"

त्यांनी उचललं.

त्या टेबलाने चार दिवसांत खोली बदलली. ओदिलने ते घासलं, मधमाशांचं मेण लावून चमकवलं, वर दाताच्या डॉक्टरचा दिवा आणून टांगला. पहिल्या संध्याकाळी दोन कोरियन मैत्रिणी येऊन एका टोकाला बसल्या आणि नूडल्स खाऊ लागल्या. दुसऱ्या टोकाला मॅनिटोबाचा एक निवृत्त मास्तर नकाशा पसरून बसला. मधली जागा रिकामी राहायला संकोचली म्हणा, तिसऱ्या दिवशी तिथे एक ब्राझिलियन जोडपं बसलं आणि त्यांनी विचारलं की ही पट्टी कशाची. कुणालाच माहीत नव्हतं. मग लोक मोजायला लागले. मास्तरने आपला बूट मोजला. कोरियन पोरींनी लांबुडका पाव मोजला आणि सगळ्यांत वाटून टाकला. आठवड्याने मंगळवारी ओदिलने पिवळ्या वाटाण्याचं सूप केलं तेव्हा एकोणीस माणसं बसली होती, कोपराला कोपर लावून, आणि मीठ या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोहात फिरत होतं. ओदिल दारात उभी राहून बघत होती. पंधरा तारखेला हेच दिसायला हवं. हेच दिसेल.

दुसऱ्या दिवशी, नऊ तारखेला, बेकरीसमोरच्या खांबावर तिला कागद दिसला. हाताने लिहिलेला, अक्षर टपोरं.

'एक जुलैला आमच्या जिन्याखालून माझं कापड बेतायचं टेबल कुणीतरी नेलं. मॅपलचं, कडेला पितळी पट्टी. मी कुणाला चोर म्हणत नाही. पण मला ते हवं आहे.' खाली नाव: मिर्लांद. नवा पत्ता: दोन रस्ते सोडून, तिसरा मजला.

ओदिलने इकडे तिकडे बघितलं आणि कागद काढून खिशात घातला. पुढच्या खांबावर तसाच दुसरा होता. तोही काढला. तिसरा शाळेच्या कुंपणावर होता, तो तिने राहू दिला. का राहू दिला, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

रेआलला तिने कागद दाखवला.

"मी बेल वाजवली होती," तो म्हणाला.

"वाजवलीस."

"दोनदा."

"दोनदा, रेआल."

"मग झालं तर."

"काय झालं? टेबल तिचं आहे."

"नाही कोण म्हणतंय? तिचंच आहे. पंधरा तारखेनंतरही तिचंच असणार आहे की! सहा दिवसांत काय बिघडतंय? लाकूड आहे, दूध नाही."

ओदिलला ते पटलं. पटायलाच हवं होतं, म्हणून पटलं. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. पण आता संध्याकाळी टेबलाशी हशा पिकला की तिचा हात खिशाकडे जायचा, आणि लोकांनी त्या पट्टीवर काही मोजायला घेतलं की ती उगाचच भांडी आवरायला लागायची. शनिवारी सकाळी ती उठली आणि दोन रस्ते चालत गेली.

तिसऱ्या मजल्याचं दार अर्धवट उघडं होतं. आत खोलीभर खोकी, आणि मधल्या मोकळ्या जमिनीवर पांढरं साटीन पसरलेलं. त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसलेली एक काळीसावळी, भरल्या अंगाची हैतीची बाई, साठी ओलांडलेली. तोंडात टाचण्या. गुडघ्यांखाली उशी, तरी दर हालचालीला चेहरा आक्रसत होता.

"मादाम मिर्लांद?" ओदिल म्हणाली.

बाईने वर न बघता दुसऱ्या टोकाकडे बोट केलं. टाचण्यांतून आवाज आला, "आलीस? किती उशीर. धर ते टोक. ताण नको, नुसतं धर."

"मी..."

"बोलू नकोस, मापं चुकतात माझी. शेजारणीने पाठवलं ना तुला? मग धर."

ओदिल गुडघ्यांवर बसली आणि तिने टोक धरलं. पाऊण तास धरलं. मिर्लांद फुटपट्टी सरकवायची, खडूची रेघ मारायची, कंबर धरून थोडी सरळ व्हायची, पुन्हा वाकायची. दोनदा रेघ वाकडी गेली, दोनदा पुसली. ओदिलच्या मांड्यांना मुंग्या आल्या, मग पाठीत कळ आली, मग तर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. ही बाई असं अकरा दिवस करत होती.

कातर खाली ठेवून मिर्लांदने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "चांगले आहेत हात तुझे. स्थिर आहेत. नाव काय?"

"ओदिल. मला शेजारणीने नाही पाठवलं. तुमचं टेबल माझ्याकडे आहे."

खालच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली. मिर्लांदने तिच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, जणू हिचाही ड्रेस बेतायचा आहे.

"पाय कापलेस का त्याचे?"

"नाही."

"रंग?"

"नाही. मेण लावलं."

"मेण!" आता मात्र आवाज चढला. "अगं बाई! पांढऱ्या साटीनखाली मेण! तुला कुणी शिकवलं हे?"

"मला वाटलं, टाकून दिलंय. वर चादर नव्हती."

"होती! फुलांची चांगली चादर घातली होती मी. ट्रकला उशीर झाला म्हणून पोरांना पिझ्झा द्यायला नव्या घरी आले, परत जाऊन बघते तर टेबल नाही. म्हणजे आधी कुणी तरी चादर नेली, आणि मग तुम्ही चादर नाही म्हणून टेबल नेलंत." बोलता बोलता तिच्या पोटातून एक हसू खदखदत वर आलं, रागातूनच. "धन्य आहे हे शहर. बेल तरी वाजवायची!"

"वाजवली. दोनदा."

"ती बेल पाच वर्षं बंद आहे. अख्ख्या रस्त्याला माहीत आहे."

ओदिलने मान खाली घातली. मग जे बोलायला आली नव्हती, तेच बोलली. मॅक्सांसचं, बारा पलंगांचं, मंगळवारचं सगळं सांगून टाकलं. "मला फक्त मंगळवारपर्यंत द्या. बुधवारी सकाळी टेबल तुमच्या खोलीत असेल. मी स्वतः आणून देईन."

मिर्लांदने साटीनची घडी घातली. सावकाश, काठाला काठ लावून.

"पुढच्या शनिवारी माझ्या बहिणीच्या नातीचं लग्न आहे. एक नवरीचा आणि दोन करवल्यांचे, असे तीन ड्रेस. हा पहिला. तुझी खोली मोठी आहे, माझे बाई, मला कळतं. पण माझे गुडघे तुझ्या मंगळवारपर्यंत थांबणार नाहीत."

रागाने म्हणाली असती तर ओदिल भांडली असती. पण ती बाई नुसतं आहे तसं सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तसं.

"उद्या आणते," ओदिल म्हणाली.

"मेण काढून."

"मेण काढून."

मेण काढणं हेच मोठं काम झालं. शनिवारी दुपारपासून ओदिल गरम पाणी आणि सोडा घेऊन बसली. मास्तर बघायला आला आणि बाह्या सरसावून बसला. कोरियन पोरी आल्या, ब्राझिलियन आले. कुणी विचारलं की एवढं चमकवलेलं का खरवडताय, तेव्हा ओदिलने लपवलं नाही. "चुकून आणलेलं आहे. परत द्यायचंय."

"आणि मग आपण?" मास्तरने विचारलं.

"मग आपण काय? तुम्ही गुरुवारी टोरांटोला चाललाय, तुमचा काय संबंध?"

"आज शनिवार आहे," मास्तर म्हणाला. "अजून पाच जेवणं आहेत माझी."

रविवारी सकाळी आठ जणांनी टेबल खांद्यावर घेतलं आणि दोन रस्ते चालत नेलं. पुढे रेआल, हात वर करून गाड्या थांबवत, जणू लग्नाचीच वरात. बाल्कन्यांतून लोक बघत होते. कुणी तरी ओरडलं, "अहो, बारा दिवस उशीर झाला तुम्हाला!" आणि रेआलने आपली टोपी काढून त्याला सलाम केला.

जिना वळणाचा, टेबल सरळ. ते त्यातून जाणार नव्हतं, हे रस्त्यावरच्या प्रत्येकाने प्रत्येकाला सांगितलं. शेवटी रेआलने व्हॅनमधला दोर काढला. वरच्या कठड्यावर घोंगडी टाकली, खालून चौघांनी उचललं, वरून चौघांनी ओढलं, आणि तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत उभी राहून मिर्लांद एखाद्या बंदरावरच्या मुकादमासारखी हुकूम सोडत होती. "डावीकडे! तुझं डावं नव्हे, माझं डावं! पाय आधी! अरे, टेबलाचे पाय, तुझे नाही!"

टेबल खिडकीपाशी लागलं. मिर्लांदने तळहाताने ते चाचपलं, नाकाशी हात नेऊन मेणाचा वास येतो का बघितला. मग साटीन झटकून पसरलं. ते हवेत फुगलं, एक क्षण तरंगलं आणि लाकडावर उतरलं. ती उभी राहिली, सरळ पाठीने, आणि तिचा हात चालू लागला तसा तिचा गळाही चालू लागला. तिच्या बेटावरचं, तिच्या भाषेतलं गाणं. तिथे जमलेल्यांना भाषा कळत नव्हती, पण गाणं कळत होतं:

*पांढरं गं कापड, फळीवर पसरलं,*
*समुद्राचं पाणी जसं, वाळूवर विसावलं.*
*कातरीच्या गं धारंनं, नको कापू माझी वाट,*
*लेक निघाली परघरी, धाग्याशी गं बांध गाठ.*

ओदिल दारात उभी होती. टेबल तिथे जास्त शोभत होतं. तिला ते आवडलं नाही, पण दिसत होतं ते दिसत होतं.

"तुझी माणसं आता कशावर जेवणार?" मिर्लांदने हात न थांबवता विचारलं.

"बघू."

"बघ," मिर्लांद म्हणाली. आणि आठ जणांना आंब्याचा रस देऊन तिने सगळ्यांना बाहेर काढलं, कारण तिला काम होतं.

रविवार गेला, सोमवार गेला. जुलैच्या मध्यावर रस्ते रिकामे असतात. कुणी काही टाकत नाही. रेआल सोमवारी दिवसभर हिंडला आणि एक इस्त्रीची घडीची फळी घेऊन आला. ओदिलने ती उघडून पाहिली आणि पुन्हा मिटली.

मंगळवारी संध्याकाळी सात वाजता मॅक्सांस आला. त्याच्या हातात पलंगवाल्याचा कागद होता. त्याने दार ढकललं. खोलीच्या मधोमध जमिनीवर तीन चादरी टाकल्या होत्या, एकापुढे एक, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंनी सतरा माणसं मांडी घालून, गुडघे दुमडून, जमेल तशी बसली होती. मास्तरला खाली बसता येत नव्हतं, म्हणून तो पालथ्या बादलीवर बसला होता आणि सूप वाढत होता. मीठ फिरत होतं.

ओदिल उठली. "टेबल होतं," ती म्हणाली. "चांगलं होतं. चोरीचं निघालं, परत दिलं."

"चोरीचं?"

"चुकीचं. माझ्या चुकीचं."

मॅक्सांसने तिच्याकडे बघितलं, मग लोकांकडे. कुणी तरी त्याच्या हातात वाडगा दिला आणि तो बूट काढून चादरीच्या कडेला टेकला, कारण उभ्याने गरम सूप खाता येत नाही. त्याने सगळं सूप खाल्लं. ओदिलला उमेद वाटू लागली.

"खोली चालते," तो म्हणाला. "मान्य." मग वाडगा खाली ठेवून त्याने कागद उघडला. "पण टेबल लागत नाही म्हणजे भिंती मोकळ्याच आहेत. ओदिल, पलंग मी मागवून बसलोय. बारा नाही, सहा. खिडकीकडच्या भिंतीला तीन दुमजली. मधली जागा तुझी."

"खिडकी तुझी आणि अंधार माझा?"

"पडदे लावून देतो."

"जाड पडदे. आणि सात ते नऊ जेवण. त्या वेळात कुणी झोपायचं असेल तर त्याने वरच्या मजल्यावर पलंग घ्यायचा. हे दरपत्रकावर छाप."

"छापतो."

तिला हे नको होतं. तिला अख्खी खोली हवी होती, खिडकीसकट, संध्याकाळच्या उन्हासकट. पण सहा म्हणजे बारा नव्हेत. तिने कागदावर सही केली. हात स्थिर होता.

पलंग शुक्रवारी लागले. राखाडी पडदे, प्रत्येक पलंगाला छोटा दिवा, हे मात्र मॅक्सांसने नीट केलं. शनिवारी संध्याकाळी ओदिलने चादरी पसरल्या, मक्याची कणसं उकडून मधे रचली आणि लोकांना हलक्या आवाजात बोलायला सांगितलं, कारण वरच्या मधल्या पलंगावर सस्कॅचवानची एक परिचारिका दोन दिवसांचा प्रवास करून दुपारीच येऊन आडवी झाली होती आणि वरच्या मजल्यावर जागा नव्हती. अर्धा तास सगळे कुजबुजत जेवले. कुजबुजताना हसू जास्तच येतं, त्यामुळे खोली दबक्या हसण्याने नुसती हलत होती.

मग वरचा पडदा सरकला. आधी विस्कटलेले केस दिसले, मग एक उघडा हात खाली आला, पंजा पसरलेला.

"झोपू तर देत नाही तुम्ही," परिचारिका म्हणाली. "निदान एक कणीस तरी द्या वर. आणि लोणी."

तीन जण एकदम उठले. ओदिलने कणसाला लोणी फासलं, टाचा उंचावल्या आणि ते तिच्या हातात दिलं.

"मीठ?" ओदिलने विचारलं.